बिघाड नेमका कुठे आहे? : कीबोर्ड, माउस आणि दोष शोधण्याचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केले. एकाने विचारलं, "सर, छपाईची चूक आहे का? तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे. कीबोर्ड-माउस दुरुस्तीवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही दुरुस्ती करणारे नाही. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पण निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिकांच्या एका संगणक वर्गात मदतीला बसू लागलो, तेव्हा लक्षात आलं की वर्गात शिकवताना ज्या गोष्टींची उदाहरणं द्यायला आम्हाला धूर आणि डोंगर लागायचे, त्या गोष्टी इथे टेबलावर रोज घडतायत. 'लॅपटॉपला जोडलेला कीबोर्ड चालत नाही' हे वाक्य घ्या. या एका वाक्यात कार्यकारणभावाचा सगळा प्रश्न आहे. आणि त्याला इतिहासही आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. आमच्या वर्गाला एक गुरुजी यायचे. प्राथमिक शाळेत हयात गेलेली, वय ऐंशीच्या पुढे. आपल्या गावच्या शाळेचा इतिहास लिहून काढायचा, हा एकच ध्यास. लॅपटॉपच्या कळा त्यांना बारीक वाटायच्या, म्हणून मुलाने मोठ्या अक्षरांचा यूएसबी कीबोर्ड जोडून दिला होता. गुरुजींचा हात थोडा कापायचा, पण रोज पान-दीड पान टंकून व्हायचं. एक दिवस कीबोर्ड रुसला. दहा कळा दाबाव्या तेव्हा एखादं अक्षर उमटायचं. दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने नवा कीबोर्ड दिला. घरी आल्यावर तेच. मग तो म्हणाला, "आजोबा, हात थरथरतो ना तुमचा, त्यामुळे कळ नीट दाबली जात नाही." घरचेही तेच म्हणाले. गुरुजींनी ते मान्य केलं आणि लिहिणं थांबवलं. वर्गात आले ते आम्हाला सांगायला, की आता येत नाही म्हणून.

हा प्रसंग इथे तसाच ठेवू. शेवटी त्याच्याकडे परत येऊ. आधी हे कोडं तयार कसं झालं ते पाहू.

कळ आणि अक्षर : एकत्र होते तेव्हा

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. तिथल्या मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या साथीदारांनी टाइपरायटरचं पेटंट १८६८ साली घेतलं. पुढे रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र १८७४ मध्ये बाजारात आणलं. ही कंपनी मूळची बंदुका आणि शिवणयंत्रं बनवणारी. आज आपल्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा जो क्रम आहे, तो थोड्याफार फरकाने तिथूनच आलेला आहे.

टाइपरायटरमध्ये कळ, दांडी आणि अक्षर ही सलग जोडलेली साखळी होती. बोटाने कळ दाबली की दांडी उचलायची आणि तिच्या टोकाचा खिळा कागदावर आपटायचा. सुरुवातीच्या यंत्रात अक्षर कागदाच्या खालच्या बाजूने उमटायचं, त्यामुळे काय छापलं ते टंकणाऱ्याला लगेच दिसायचं नाही. नंतर ते समोर दिसू लागलं. मग बिघाडही समोर दिसू लागला. दोन दांड्या एकमेकींत अडकल्या, की डोळ्यांनी दिसायचं आणि बोटाने सोडवता यायचं. आपल्यापैकी ज्यांनी टायपिंगच्या क्लासला जाऊन परीक्षा दिल्या, त्यांना हे सांगायला नको. रिबन वाळली की अक्षर पुसट, दांडी वाकली की अक्षर तिरकं. जिथे लक्षण तिथेच कारण.

संगणकाने ही साखळी तोडली. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्याच्या कीबोर्डमधून अक्षर जात नव्हतंच. जात होता एक आकडा : अमक्या जागची कळ दाबली, अमक्या जागची सोडली. त्या जागेला कोणतं अक्षर म्हणायचं, ते संगणकातली आज्ञावली ठरवायची. आजच्या यूएसबी कीबोर्डचंही तेच आहे.

मराठी माणसाला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आला. तो निवडला, की ज्या कळेवर इंग्रजी 'के' छापलेला आहे तीच कळ 'क' उमटवते. कीबोर्डला मराठीही येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. म्हणून 'मी एक दाबतो आणि दुसरंच उमटतं' अशी तक्रार घेऊन कोणी आलं, तर कीबोर्ड बदलून काडीचा उपयोग नाही. कीबोर्डने जागा बरोबर सांगितली आहे, तिचं वाचन करणारा चुकीचा तक्ता समोर धरून बसला आहे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह असतं, ते पाहायचं. वर्गात आमच्याकडे येणाऱ्या 'बिघडलेल्या' कीबोर्डांपैकी बरेच या प्रकारातले असतात.

माउसच्या पोटातला कचरा

माउसची कथा थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबर्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस तयार केला. लाकडी ठोकळा, खाली काटकोनात दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एंगेलबर्ट यांनी सुमारे दीड तास प्रात्यक्षिक दाखवलं आणि लोक थक्क झाले. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत चाकांच्या जागी गोळी आली, आणि १९८४ च्या मॅकिन्टॉशनंतर माउस घरोघरी जाऊ लागला.

गोळीचा माउस हा टाइपरायटरच्या वंशातला होता, असं आम्ही म्हणतो. त्याचा बाण अडखळू लागला, की माउस उलटा करायचा, चकती फिरवायची, गोळी तळहातावर घ्यायची आणि आतल्या रुळांवरची मळाची पट्टी नखाने खरवडायची. सायबर कॅफेत बसलेल्या पिढीने हे केलेलं आहे. शतक बदलता बदलता प्रकाशावर चालणारे माउस आले. ते टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो छायाचित्रं घेतात आणि एकाची दुसऱ्याशी तुलना करून हालचाल ओळखतात. मळाचा त्रास गेला, पण नवा आला. काचेच्या स्वच्छ टेबलावर त्याला ओळखायला खूणच सापडत नाही, आणि बाण थिजतो किंवा उड्या मारतो. खाली एक साधा कागद सरकवा, चालू लागतो. म्हणजे जुन्या माउसला घाणीचा त्रास होता, नव्याला अति स्वच्छतेचा.

भोकांचा जमाना

आता जोडणीकडे येऊ. खरा इतिहास तिथे आहे.

पहिल्या पीसीचा कीबोर्ड पाच टाचण्यांच्या गोल खुंटीने जोडला जायचा. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ नावाची मालिका काढली आणि तिच्याबरोबर सहा टाचण्यांची लहान गोल खुंटी आली. कीबोर्डला एक भोक, माउसला एक. दोन्ही भोकं दिसायला हुबेहूब सारखी, पण एकाची खुंटी दुसऱ्यात घातली तर दोन्ही मुकी. पुढे कीबोर्डला जांभळा आणि माउसला हिरवा रंग देण्याची पद्धत पडली, तेव्हा कुठे लोकांची सुटका झाली. शिवाय यंत्र चालू असताना ही खुंटी काढायची-घालायची नाही, असा दंडक होता. कारण त्यात मुख्य पाटीवरचा फ्यूज जाण्याची भीती असे.

काही माउस सीरियल भोकाला जोडलेले असायचे. तिथला त्रास आणखी अजब. संगणकात प्रत्येक उपकरणाला मुख्य प्रोसेसरचं लक्ष वेधण्यासाठी एक क्रमांकित घंटा दिलेली असे. घंटा मोजक्या, उपकरणं जास्त. पहिलं आणि तिसरं सीरियल दार यांना एकच घंटा वाटून दिलेली होती. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं आणि लोकांनी मोडेम आणले. माउस पहिल्या दारावर आणि मोडेम तिसऱ्यावर असला, की फोन लागताच माउस गोठायचा. आता तुम्हीच सांगा, माउस गोठतो म्हणून कोणी मोडेमकडे बघेल का? इथे लक्षण एकीकडे आणि कारण तिसरीकडे, असं प्रथमच सामान्य माणसाच्या वाट्याला आलं.

त्या काळचा एक संदेश जगभर विनोद म्हणून सांगितला जातो. यंत्र सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर पडद्यावर यायचं : कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. आम्ही वर्गात स्वव्याघाताचं उदाहरण म्हणून हे देत असू. पण बारकाईने पाहिलं तर त्यात थोडं शहाणपण आहे. कीबोर्ड जोडा, आणि जोडला गेला हे मला एफ-वन दाबून दाखवा, असा अर्थ लावला तर तो संदेश बरोबर ठरतो. फक्त तो माणसाला कळेल अशा शब्दांत लिहिला नव्हता. दोष सांगणारी भाषा कोणासाठी लिहायची, हा प्रश्न तेव्हाचा, आणि तो आजही सुटलेला नाही.

एकच खिडकी

या गोंधळावर उपाय म्हणून १९९४ मध्ये सात कंपन्या एकत्र आल्या : कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. सगळ्या उपकरणांना एकच जोडणी, चालू यंत्रात केव्हाही घाला, केव्हाही काढा. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये या कामाच्या आघाडीवर जे होते, त्यांत अजय भट्ट यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालं. गायकवाडांचं बडोदं म्हटलं की मराठी श्रोत्याला जरा जवळचं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. यूएसबीची खुंटी पहिल्या वेळी कधीच नीट बसत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्यावर भट्ट यांनी मुलाखतीत सांगितलं आहे की दोन्ही बाजूंनी बसणारी खुंटी करायची, तर तारा आणि मंडलं दुप्पट लागली असती आणि खर्च वाढला असता. नवी गोष्ट स्वस्त असल्याशिवाय कोणी स्वीकारणार नाही, हा तेव्हाचा हिशेब. तशी खुंटी टाइप-सी म्हणून २०१४ मध्ये आली.

सुरुवात सुखाची नव्हती. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या समोर विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. सहकाऱ्याने यूएसबी स्कॅनर जोडला, आणि भर सभेत पडदा निळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलचा आयमॅक विक्रीला आला. त्यात जुनी भोकं काढून टाकून कीबोर्ड आणि माउस दोन्हींसाठी यूएसबीच दिली होती. तिथून वारं फिरलं.

आता ही यूएसबी बोलते कशी, ते समजून घेऊ. कारण त्याशिवाय दोष शोधता येत नाही. साध्या वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या. दोन बोलण्याच्या. उपकरण जोडलं की ते बोलण्याच्या एका तारेवरचा दाब किंचित वर खेचतं. ही झाली दारावरची थाप. मग लॅपटॉप त्याला आधी गप्प करून मूळ स्थितीत आणतो, एक क्रमांक देतो आणि विचारतो : तू कोण? उपकरण सांगतं : मी कीबोर्ड, मला इतकी वीज लागेल. मग त्याला प्रवेश मिळतो.

त्यानंतरचा भाग आमच्या गुरुजींना फार आवडला होता. यूएसबीमध्ये उपकरण आपणहून कधीच बोलत नाही. लॅपटॉप हजेरी घेतो. नेहमीच्या माउसला सेकंदाला साधारण १२५ वेळा विचारलं जातं : काही सांगायचंय? तो म्हणतो, नाही. पुन्हा : काही सांगायचंय? मग : हो, थोडा डावीकडे सरकलो. जुन्या काळी घंटा वाजवून हक्काने लक्ष वेधणारं उपकरण आता हजेरीत नाव येईपर्यंत थांबतं. शिस्त आली, भांडणं मिटली. पण यातून एक गोष्ट निघते. मास्तरांनीच हजेरी घेतली नाही, तर हुशार पोरगंही मुकं दिसतं.

दोषाच्या सहा जागा

आपलं बोट आणि पडद्यावरचं अक्षर यांच्यामध्ये आता किती टप्पे आहेत बघा. खुद्द कीबोर्ड. त्याची वायर. भोक. वीज. लॅपटॉपमधली आज्ञावली. आणि आपण किंवा दुसऱ्या कोणी केलेली मांडणी. सहाही जागी एकच लक्षण दिसतं : चालत नाही.

विजेचं उदाहरण घ्या. यूएसबी २.० च्या भोकातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्याची सोय असते. पण स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब मध्ये आला, की त्याच्या प्रत्येक भोकाच्या वाट्याला नियमाने १०० च येतात. तिथे दिव्यांचा झगमगाट असलेला कीबोर्ड लावला की तो लागतो, विझतो, लागतो. थेट लॅपटॉपला जोडला की ठणठणीत.

झोपेचं घ्या. बॅटरी वाचवायला लॅपटॉप रिकाम्या बसलेल्या उपकरणांची वीज रोखतो. काही उपकरणं त्या झोपेतून नीट उठत नाहीत. चहा पिऊन आलं की माउस मेलेला, खुंटी काढून घातली की जिवंत, असं वारंवार होत असेल तर माउस बदलू नका. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या वीजबचतीची खूण काढून पाहा.

बिनतारी माउसचं तर मोडेमसारखंच झालंय. त्याची लहान खुंटी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. शेजारच्या भोकात यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क चालू असली, तर तिच्या तारांतून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं आहे. फाइल नकलताना माउस अडखळतो, एरवी नाही. उपाय काय, तर एक वीतभर जोडवायर घेऊन खुंटी लांब न्यायची.

आणि २०१५ च्या सुमाराचा प्रकार इतिहासात नोंदवण्यासारखा आहे. यूएसबी ३.० चं मानक २००८ च्या नोव्हेंबरात आलं. विंडोज ७ आली २००९ मध्ये, पण तिच्या मूळ डिस्कमध्ये यूएसबी ३.० च्या नियंत्रकाशी बोलणारी आज्ञावली नव्हती. जुना नियंत्रक सोबत असायचा, म्हणून वर्षानुवर्षं भागलं. २०१५ मध्ये इंटेलच्या नव्या चिपसेटमधून जुना नियंत्रक काढला गेला. मग नव्या संगणकावर विंडोज ७ बसवायला घेतलं, की पहिल्याच पडद्यावर 'पुढे' म्हणायला ना कीबोर्ड चाले, ना माउस. ज्याच्या पाटीवर अजून पीएस/२ चं जांभळं भोक शिल्लक होतं, त्याने अडगळीतला जुना कीबोर्ड काढला आणि काम झालं. मास्तर हजेरी घेत नव्हते, त्याचं हे उदाहरण.

अन्वय, व्यतिरेक आणि अभाव

आता आमच्या प्रांतात येतो. इतक्या जागांतून दोष शोधायचा कसा? आपल्या नैयायिकांनी दोन शब्द दिलेत : अन्वय आणि व्यतिरेक. हे असताना ते असतं, तो अन्वय. हे नसताना ते नसतं, तो व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच्याच जवळच्या रीती मांडल्या. हे मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होते. असो.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच कीबोर्ड दुसऱ्या भोकात. मग तोच कीबोर्ड दुसऱ्या लॅपटॉपवर. मग दुसरा कीबोर्ड याच भोकात. कीबोर्डमागे दोष हिंडत असेल तर तो कीबोर्डचा, भोकामागे थांबत असेल तर भोकाचा. आपण काय करतो? कीबोर्डही बदलतो, भोकही बदलतो, वर लॅपटॉप बंद करून चालू करतो. चाललं तर आनंद, पण काय केल्याने चाललं हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

एक कसोटी फार उपयोगी आहे. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज उठायच्या आधी, बायोसचा पडदा उघडता येतो. कुठे एफ-टू दाबून, कुठे डिलीट, कंपनीनुसार. तिथे विंडोजची सावलीही नसते. यूएसबी कीबोर्डसाठी या अवस्थेत वापरायची एक साधी, ठरलेली बोली मानकातच दिलेली आहे. बाहेरचा कीबोर्ड तिथे नीट चालला, तर कीबोर्ड, वायर, भोक, वीज ही चारही एका फटक्यात निर्दोष सुटतात. उरते आज्ञावली आणि मांडणी. याला आपल्याकडे परिशेष म्हणतात. बाकीचे वगळल्यावर जो उरतो तो.

पण उलट बाजू जपून वापरा. बायोसमध्ये चालला नाही, म्हणजे कीबोर्ड बिघडला, असं सिद्ध होतं का? कुमारिल भट्टांच्या मीमांसक परंपरेने 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. टेबलावर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. पण त्यांनी अट घातली : असता तर दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. अंधारात घट दिसला नाही, तर घट नाही असं म्हणता येत नाही. काही लॅपटॉप लवकर सुरू व्हावेत म्हणून त्या टप्प्यावर यूएसबीला जागं करण्याचं कामच टाळतात. तिथे कीबोर्ड मुका राहिला तर तो अंधारातला घट आहे.

असंच 'बंद करून चालू केलं' याचं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' म्हटलं तरी प्रणालीचा गाभा पूर्ण विझतोच असं नाही. जलद सुरुवातीच्या सोयीसाठी त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते, कधी कधी तिच्यातल्या दोषासकट. 'रीस्टार्ट' म्हटलं तर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. नावावरून उलटं वाटतं, पण तसं आहे. रोज रात्री बंद करणारा माणूस शपथेवर सांगतो की मी बंद करून पाहिलं, आणि तो खोटं बोलत नसतो.

गुरुजींचा कीबोर्ड

आता गुरुजींकडे परत जाऊ. नवा कीबोर्ड घेतला तरी दोष तसाच, म्हणजे दोष कीबोर्डमागे हिंडत नव्हता. आम्ही लॅपटॉपच्या मूळ कळा दाबून पाहिल्या. त्याही तशाच! हे कोणी पाहिलंच नव्हतं, कारण गुरुजी त्या कळा वापरत नसत. आणि आमचा हात तर कापत नाही. म्हणजे हाताचं कारण तिथेच बाद झालं. मग बायोस उघडला. बाहेरचा कीबोर्ड तिथे टक्‌ म्हणताच चालला. उरली मांडणी. तेवढ्यात वर्गातल्या एका बाई म्हणाल्या, "सर, कळ जरा दाबून धरली की अक्षर येतंय हो."

तिथे उलगडा झाला. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची सोय आहे. उजवीकडची शिफ्टची कळ आठ सेकंद दाबून धरली की पडद्यावर विचारणा येते, आणि एंटर दाबलं की सोय सुरू होते. मग झटकन दाबलेल्या कळा यंत्र दुर्लक्षित करतं. ज्यांच्या हातून नकळत कळा दाबल्या जातात, त्यांच्यासाठी ती आहे. या प्रकारच्या सोयींचं मूळ काम विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रेस केंद्रात झालं, अपंग व्यक्तींना संगणक वापरता यावा म्हणून. ज्या राज्यात टाइपरायटर जन्मला, त्याच राज्यात. म्हणजे कापणाऱ्या हातांसाठी कोणीतरी कळकळीने केलेली सोय गुरुजींचा हात शिफ्टवर विसावल्याने सुरू झाली, इंग्रजीतली विचारणा त्यांना समजली नाही, आणि त्यांनी एंटर दाबून दिलं. पुढे सगळ्यांनी मिळून दोष त्यांच्या हाताला दिला.

पुन्हा आठ सेकंद शिफ्ट दाबली, सोय बंद झाली. दोन मिनिटांचं काम. पण गुरुजींचे अडीच महिने गेले होते.

आम्हाला यात सलते ती गोष्ट सांगतो आणि थांबतो. दुकानातला मुलगा वाईट नव्हता, घरचेही नव्हते. त्यांनी एक कारण दिलं, आणि ते पटण्यासारखं होतं. हात कापतोय हे सगळ्यांना दिसत होतं. फिल्टर कीज कोणाला दिसत नव्हतं. टाइपरायटरच्या काळात दांडी अडकली की दांडीला दोष जायचा, कारण दांडी दिसायची. आज यंत्राची दांडी दिसत नाही, समोर दिसतो तो फक्त वापरणारा माणूस. म्हातारा असेल, नवशिका असेल, इंग्रजी कमी येत असेल, तर दोष आपसूक त्याच्याकडे सरकतो. आणि तो माणूस तो दोष घेतो, हे जास्त वाईट. दुसऱ्या कळा दाबून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते कोणी केलं नाही, कारण कारण सापडलंय असं सगळ्यांना वाटत होतं.

तेव्हा घरी कोणी म्हणालं की चालत नाही, तर 'तुम्ही काय केलंत?' असं आधी विचारू नका. दुसरं भोक, दुसरा कीबोर्ड, दुसरा हात, एका वेळी एक, एवढं करून पाहा. मग बोला.

गुरुजींचा शाळेचा इतिहास १९५० च्या दशकापर्यंत आलाय. मधल्या अडीच महिन्यांची भरपाई चालू आहे, असं ते म्हणतात.